काठावरची वारी

नारायणगडावर उभे राहून चारही दिशांना पाहिले, तरी समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. बीड जिल्ह्याच्या या टापूत पाणी म्हणजे पावसाची वाट, विहिरीचा तळ, माजलगावच्या धरणात यंदा किती साठा झाला याची चौकशी. डोलकाठी, धक्का, भरती-ओहोटी हे शब्द इथल्या रोजच्या बोलण्यात येत नाहीत. तरीही बंदरे आणि पाणकाठ रंगवणाऱ्या चित्रकारांवरच्या या पुस्तकाची सुरुवात याच गडापासून करावीशी वाटते, आणि त्याला कारण आहे. नगद नारायण महाराजांच्या या गडावरून आषाढीला दिंडी पंढरपूरला जाते. वाट तीच, चंद्रभागेचे वाळवंट तेच, विटेवरची मूर्ती तीच. गेल्या वर्षी पाहिलेला विठोबा यंदा पुन्हा कशाला पाहायचा, असे वारकऱ्याला कोणी विचारत नाही. पुन्हा जाणे हीच वारी. एकोणिसाव्या शतकात चित्रकलेत पाण्याच्या काठाने जे नवे आणले, त्याच्या मुळाशी मला हीच गोष्ट दिसते. एकाच काठावर परत परत जाऊन बसायचे, आणि कालचे पाणी आज तसे नाही याची प्रामाणिक नोंद करायची. शैली, तंत्र, कोणाचा कोणावर प्रभाव, हा सगळा खल त्यानंतरचा आहे. हे म्हणणे तपासण्यासाठी मी दोन साक्षीदार बोलावतो. एक हॉलंडचा योंगकिंड, दुसरे कोल्हापूरचे आबालाल रहिमान.

योहान बार्टोल्ड योंगकिंड १८१९ साली हॉलंडच्या पूर्व सरहद्दीजवळच्या लाट्रॉप या खेड्यात जन्मला, पण त्याचे बालपण गेले ते रॉटरडॅमजवळच्या फ्लार्डिंगन या बंदरगावात. हेगमध्ये आंद्रेआस शेल्फहाउट या निसर्गचित्रकाराकडे तो शिकला, १८४६ साली पॅरिसला गेला आणि तिथे समुद्रचित्रांसाठी नावाजलेल्या यूजेन इझाबेच्या हाताखाली त्याने काम केले. एवढे वाचून पायरी पायरीने वर चढणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहील. तसा तो नव्हता. दारू होती, देणी होती, आणि लोक आपल्या वाइटावर टपले आहेत हा भ्रम होता, जो वयाबरोबर वाढतच गेला. १८५५ मध्ये तो हरल्यासारखा हॉलंडला परतला. पाच वर्षांनी पॅरिसमधल्या चित्रकार मित्रांनी आपापली चित्रे लिलावात काढली आणि त्या पैशातून त्याला परत आणले. चित्रकारांच्या इतिहासात हेवेदावे पुष्कळ सापडतात. असा लिलाव फारसा सापडत नाही, म्हणून तो मुद्दाम नोंदवला. पुढच्या वर्षांत योंगकिंड नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, ऑनफ्लरच्या बंदरात पुन्हा पुन्हा जात राहिला. त्याच किनाऱ्यावर १८६२ साली त्याला विशीतला एक पोरगा भेटला, क्लोद मोने. आपल्या डोळ्याला शेवटचे वळण योंगकिंडने लावले, हे मोने पुढे मोकळेपणाने सांगत असे. त्याच मोनेने १८७२ साली ल आव्रच्या बंदरातली धुकट सकाळ रंगवली. १८७४ च्या प्रदर्शनात ते चित्र ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या नावाने लागले, एका टीकाकाराने त्या शब्दाची टिंगल केली, आणि तीच टिंगल सगळ्या पंथाचे नाव होऊन बसली. म्हणजे ज्याला आपण मराठीत दृक्‌प्रत्ययवाद किंवा सरळ इम्प्रेशनिझम म्हणतो, त्याचे बारसे एका बंदराच्या चित्रावरून झाले. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

बंदरच का, याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. डोंगर रंगवायला बसलेला माणूस दुपारी जेवून आला तरी डोंगर जागचा हलत नाही. सावली सरकते, एवढेच. बंदरात काहीच टिकत नाही. भरतीबरोबर नाव वर येते, शीड पडते, धूर पाण्यावर पसरतो, ढगातून ऊन निसटते आणि पाण्याचा शिशासारखा रंग क्षणात चांदीचा होतो. अशा ठिकाणी सावकाश घोटून रंगवण्याची शाळेतली रीत चालत नाही. हात भरभर चालवावा लागतो, कागदाचा कोरा भाग उजेड म्हणून तसाच सोडावा लागतो, रेघ चुकली तर चुकलेली ठेवून पुढे जावे लागते. योंगकिंडचे जलरंग पाहिले की हेच दिसते. पेन्सिलीच्या रेघा रंगाखालून सरळ डोकावतात, आणि चित्राचा मोठा हिस्सा आभाळाने व्यापलेला असतो. आभाळाची ही सवय त्याच्या देशाचीच. हॉलंडची जमीन इतकी सपाट आणि इतकी सखल आहे की तिथल्या चित्रकारांनी सतराव्या शतकापासूनच क्षितिज खाली ढकलले आणि वरची जागा ढगांना दिली. योंगकिंडने त्या वारशात भर घातली ती परत येण्याची. १८६३ आणि १८६४ मध्ये त्याने पॅरिसच्या नोत्र-दामची मागची बाजू सेन नदीवरून दोनदा रंगवली. जागा जवळजवळ तीच, पण वेळ वेगळी आणि उजेड वेगळा. मोनेने गवताच्या गंजी आणि रूआँचे चर्च निरनिराळ्या प्रहरी रंगवून मालिका उभ्या केल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. चित्रकार पॉल सिन्याकने १९२७ साली योंगकिंडवर पुस्तक लिहिले तेव्हा त्यानेही या चित्रांकडे आवर्जून बोट दाखवले.

यावर जाणकार वाचक एक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. योंगकिंड तैलचित्रे तर स्टुडिओत बसून करत असे. काठावर व्हायचे ते फक्त जलरंग. १८७४ च्या त्या गाजलेल्या प्रदर्शनात तो सामीलही झाला नाही. मग त्याला इम्प्रेशनिस्ट का म्हणायचे? माझे उत्तर असे की नावाचा हट्ट मी धरत नाही. कोणाच्या प्रदर्शनात कोण होते यावरून पंथाची वही भरता येते, चित्र समजत नाही. त्याच्या तैलचित्रांतले पाणी जिवंत आहे ते काठावरच्या त्या कागदांमुळे. स्टुडिओत तो आठवण उतरवत होता, आणि ती आठवण त्याने काठावर बसून कमावलेली होती. ज्याला पंथाची निशाणी हवी आहे त्याने ती इतरत्र शोधावी. ज्याला मूळ हवे आहे त्याने ऑनफ्लरच्या धक्क्यावर बसलेला हा उंच, बेढब, सतत घाबरलेला माणूस पाहावा. शेवटची वर्षे त्याने फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या एका छोट्या गावात काढली, आणि १८९१ च्या फेब्रुवारीत ग्रनोब्लजवळच्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

आता कोल्हापूर. आबालाल रहिमान यांच्या घरात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची आणि सजवण्याची परंपरा होती. कलमाचा ताबा त्यांना जन्मजात मिळाला असे म्हणायला हरकत नाही. १८८० च्या दशकात ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. हे पदक मिळवणाऱ्या माणसाला मुंबईत संस्थानिकांची, व्यापाऱ्यांची व्यक्तिचित्रे करून सुखाने राहता आले असते. आबालाल कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार म्हणून ठेवले, शिकारीची आणि दरबारी प्रसंगांची कामे त्यांच्याकडे आली. पण त्यांचे मन होते ते कोटितीर्थ तलावाच्या काठी, जिथे ते राहत. रंकाळा तलावावर, पंचगंगेच्या घाटावर, आणि विशेषतः संध्यामठापाशी. रंकाळ्याच्या काठाला दगडी खांबांचा हा जुना मंडप आहे. पावसाळ्यात पाणी चढले की तो अर्धा बुडतो, उन्हाळ्यात पाणी उतरले की कोरडा उभा राहतो. म्हणजे मठ एकच, पण त्याचे रूप वर्षभर बदलत राहते. पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगला गुरू कुठला मिळणार? आबालाल यांनी तो पुन्हा पुन्हा रंगवला. छोटे छोटे फटकारे, कधी जवळजवळ ठिपकेच; जवळून पाहिले तर रंगांची गर्दी, चार पावले मागे सरकले की ओल्या दगडावरची संध्याकाळ. कुराणाच्या प्रती लिहिणाऱ्या घरातला माणूस तीर्थाच्या पायऱ्या आणि संध्येचा मठ आयुष्यभर रंगवत राहिला, याचे वारकरी संत शेख महंमदांचे अभंग गाणाऱ्या प्रदेशाला नवल वाटू नये.

आबालाल यांच्याविषयी बोलणे निघाले की चित्रांच्या आधी एक गोष्ट सांगितली जाते. १९२२ साली शाहू महाराज गेले, आणि दुःखाने खचलेल्या आबालाल यांनी आपली चित्रे कोटितीर्थात सोडून दिली. हजारो चित्रे, असे म्हणतात. काही जण वीस हजारांचा आकडा सांगतात. ही गोष्ट मला खोडायची नाही, पण तिचा हिशेब मांडून पाहायचा आहे. १८८८ पासून १९२२ पर्यंत चौतीस वर्षे होतात. वीस हजार भागिले चौतीस, म्हणजे वर्षाला सुमारे सहाशे चित्रे, दिवसाला दीडहून जास्त, तेही एक दिवस न चुकवता. मोठ्या पूर्ण चित्रांचा हा वेग असूच शकत नाही. म्हणून एक तर आकडा फुगलेला आहे, किंवा ती चित्रे म्हणजे काठावर बसून रोज केलेले छोटे कागद होते. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी गोष्टीतला फकीर मागे सरतो आणि काम करणारा माणूस पुढे येतो. लोकांच्या आठवणीने जो आकडा वाढवला, तो रोजच्या बैठकीचा आकडा होता. नुसत्या वैराग्याच्या गोष्टीला संख्या लागत नाही. आणखी एक साधी बाब. जलरंगाचा कागद पाण्यात गेला की त्याचा रंग पाण्याचा होतो, मागे काही उरत नाही. तैलचित्र निदान तरंगले तरी असते. ती चित्रे खरोखर तलावात गेली असतील तर ती जिथून आली तिथेच गेली, हे ऐकायला सुंदर वाटते. पण पुढच्या पिढ्यांचे झालेले नुकसान त्या सौंदर्याने भरून येत नाही, आणि त्या गोष्टीला इतके डोक्यावर घेऊन आपण राहिलेल्या चित्रांकडे पाठ फिरवली, हे आणखी वाईट झाले.

या गोष्टीची बाजू घेणारे म्हणतात, तिच्यामुळेच तर आबालाल लोकांच्या लक्षात राहिले. नाहीतर संस्थानी काळातले किती चित्रकार विस्मरणात गेले. हे खरे आहे. पण लक्षात काय राहिले, हेही विचारले पाहिजे. तलावाकाठी एकटा राहणारा, जगाला विटलेला कलंदर, एवढेच राहिले. वास्तविक कोटितीर्थ काही रानातले तपोवन नव्हते. १९०६ साली शाहू महाराजांनी सुरू केलेली कापड गिरणी याच तलावाच्या शेजारी उभी राहिली. गिरणीची वर्दळ आणि तीर्थाचे शांत पाणी, ही दोन्ही एकाच परिसरात नांदत होती. अशा ठिकाणी राहणारा माणूस जगापासून पळाला होता असे म्हणता येत नाही. त्याने जगातली एक जागा निवडली होती आणि ती सोडायला तो तयार नव्हता. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी या चित्रकारांच्या पिढीने ज्यांना वडीलधारे मानले, ते आबालाल हे असे काम करणारे होते. कोल्हापूरची पुढची सारी निसर्गचित्रणाची परंपरा पाण्याच्या काठाने चालत आली, ती या निवडीमुळे.

आता दुसरी, जास्त कठीण हरकत. टीकाकार म्हणतील की आबालाल यांच्या कामात स्वयंभू असे काही नाही, जे. जे. मध्ये इंग्रजी जलरंगाची रीत शिकवली जात होती, तीच त्यांनी कोल्हापूरच्या तलावावर वापरली. फ्रेंच चित्रे पाहिलेली नसताना ते त्यांच्या जवळ पोहोचले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या फ्रेंचांनीही इंग्रज निसर्गचित्रकारांकडून घेतलेच होते, मग दोघांचे मूळ एकच निघते. या हरकतीतला पहिला भाग मी मान्य करतो. हात जे. जे. ने घडवला, यात शंका नाही. त्या काळी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथले विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करत होते. १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे ते काम चालले, आणि लंडनला पाठवलेल्या त्यांतल्या कित्येक प्रती तिथे आगीत गेल्या. शिस्त कडक होती, रेखाटन पक्के होते. पण तीच शिस्त शेकडो विद्यार्थ्यांनी घेतली. बहुतेक व्यक्तिचित्रांकडे वळले, काही चित्रकला शिक्षक झाले, काहींनी पुराणकथा रंगवल्या. सगळ्यांच्या हातात तोच कुंचला असताना पाणी एकाच्याच कागदावर का हलू लागले, याचे उत्तर शाळेच्या अभ्यासक्रमात सापडत नाही. योंगकिंडचेही तेच आहे. शेल्फहाउटचे शिष्य पुष्कळ होते; ऑनफ्लरला परत परत गेला तो हा. तंत्र दुसऱ्याकडून घेता येते. परत जाण्याची निष्ठा घेता येत नाही, ती ज्याची त्यालाच धरावी लागते. या एका मुद्द्यावर मी ठाम आहे, आणि हे पुस्तक वाचताना वाचकाने तो चित्रागणिक पारखून घ्यावा.

तिसरी हरकत सरळ आहे. तलाव म्हणजे बंदर नव्हे. जहाजे नाहीत, मीठ नाही, परदेश नाही. मग डच बंदरचित्रांच्या शेजारी कोटितीर्थ कसे बसवता? त्यातही महाराष्ट्राला स्वतःची बंदरे नाहीत असे थोडेच आहे? सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. म्हणजे हॉलंडची जहाजे आपल्या किनाऱ्याला प्रत्यक्ष लागत होती. मुंबईत १८७५ साली ससून डॉक झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक. आबालाल मुंबईत शिकत होते ते याच दशकात. डोलकाठ्यांचे रान त्यांच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्यांनी ते आपला विषय केले नाही, आणि माझ्या मते इथेच या हरकतीचे उत्तर आहे. बंदराच्या चित्रात जहाज हा मुख्य विषय नसतोच. जमीन जिथे संपते आणि पाणी सुरू होते ती रेघ, आणि तिच्यावर माणसाने बांधलेला धक्का, हा विषय. आपल्याकडे त्या रेघेवर घाट बांधले, पायऱ्या उतरवल्या, देवळे उभी केली. माणसे तिथे माल उतरवायला आली नाहीत. धुणे धुवायला, अंघोळीला, संध्येला, अस्थी सोडायला आली. धक्का आणि घाट ही एकाच गरजेची दोन बांधकामे आहेत. बीडच्या वाचकाला हे अधिक सांगायला नको. बीड शहरात कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे, आणि शहराबाहेर १५८२ साली सलाबतखानाने बांधलेली खजाना विहीर आहे, जिचे पाणी भुयारी नहरांनी शेतांना गेले. समुद्रापासून दूर असलेल्या माणसांनी पाण्याचा काठ दगडात बांधून ठेवला, तो असा.

तरीही सगळ्यात खोल हरकत उरतेच, आणि ती या जिल्ह्यातूनच येईल. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरी रांगेला लावाव्या लागतात, तिथे पाण्यावरच्या उजेडाची चित्रे पाहत बसणे हा भरल्या पोटाचा छंद नाही का? या प्रश्नाला हलकेच उडवून लावणे मला पटत नाही. चित्र पाहून तहान भागत नाही, आणि तसे कोणी सांगू नये. पण पाणी नीट पाहणे ही चैन आहे, हे मला मान्य नाही. रंकाळ्यात पुढे सांडपाणी आले, जलपर्णीने तलाव झाकला गेला, त्यासाठी कोल्हापूरकरांना आंदोलने करावी लागली. एकेकाळी तिथले पाणी कसे होते, काठ कुठपर्यंत मोकळा होता, संध्यामठाचे खांब कसे दिसत, याची डोळ्याने केलेली नोंद आबालाल यांच्या कागदांवर आहे. पाण्याचा काठ बिघडत जातो तो तिकडे कोणी पाहत नाही म्हणून. रोज तिथे बसणाऱ्या माणसाला पहिला बदल आधी दिसतो. मराठवाड्यातल्या किती बारवा अशाच कोणी न पाहिल्यामुळे कचऱ्याने भरल्या! चित्रकाराची रोजची बैठक आणि पाण्याची राखण यांचे नाते मला असे दिसते. ज्यांना पाणी कमी मिळते, त्यांना ते नीट पाहण्याचा हक्क कमी कसा असेल?

पुढच्या पानांकडे वळण्याआधी वाचकाला एक विनंती आहे. योंगकिंडची मूळ चित्रे पाहायला हेग किंवा पॅरिस गाठावे लागते, ते प्रत्येकाला जमणार नाही. आबालाल यांची चित्रे मात्र कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. या जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे जातात, पंचगंगेच्या खोऱ्यात महिनोन्‌महिने पाल टाकून राहतात. त्यांच्या लेकरांना कोल्हापूर हे नाव शाळेच्या पुस्तकाआधी ठाऊक असते. बीडमधल्या चित्रकला शिक्षकांनी मुलांना पुस्तकातला डोंगर आणि नारळाचे झाड पुन्हा काढायला लावण्याऐवजी आठवड्यातून एकदा कंकालेश्वराच्या कुंडाकाठी किंवा गावातल्या बारवेवर नेऊन बसवावे, जागा बदलू न देता वर्षभर. आणि ज्यांचा सहलीचा रस्ता कोल्हापूरवरून जातो त्यांनी अंबाबाईचे दर्शन झाल्यावर टाउन हॉलपर्यंत चालत जावे, मुलांना त्या कागदांसमोर उभे करावे, आणि मग त्याच दिवशी संध्याकाळी रंकाळ्यावर नेऊन संध्यामठ दाखवावा.